फ्रंटपेज की ड्रीमवीव्हर? कोलकाता, बंगाली-मराठी पाने आणि एका तुलनेचा इतिहास

साधारण २००० सालच्या आसपास संगणकाच्या खासगी वर्गांत वेब डिझाइन शिकवताना एक प्रश्न ठरलेला असे : फ्रंटपेज आणि ड्रीमवीव्हर यांतील फरक लिहा. उत्तरही ठरलेले असे. पानाच्या मधोमध उभी रेघ मारायची आणि दोन्ही बाजूंना मुद्दे मांडायचे. शिकायला सोपे कोणते, एचटीएमएल स्वच्छ कोणते लिहिते, सर्व्हरवर काय लागते, किंमत किती. हा तक्ता चुकीचा नव्हता. पण तो इंग्रजी पाने करणाऱ्यांनी इंग्रजी पानांसाठी तयार केलेला होता. तो पाठ करणारा विद्यार्थी कोलकात्यात बंगाली किंवा पुण्यात मराठी पान करायला बसला की त्याच्या खऱ्या अडचणीसाठी त्या तक्त्यात रकानाच नसे. अडचण साधी होती : मी लिहिलेले अक्षर वाचकाच्या पडद्यावर अक्षर म्हणून उमटेल का?

प्रस्तुत टिपणात आपण वेबसाधनांच्या स्पर्धेचा इतिहास या गाळलेल्या रकान्याच्या बाजूने पाहणार आहोत. त्यासाठी कोलकाता हे शहर निवडण्याला कारणे आहेत. भारतात आलेला पहिला संगणक, एचईसी-२एम, १९५५ मध्ये इथल्या भारतीय सांख्यिकी संस्थेत आला. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट सुरू केले, तेव्हा पहिल्या चार शहरांत दिल्ली, मुंबई व मद्रास यांच्याबरोबर कलकत्ता होते (शहराचे नाव अधिकृतपणे कोलकाता झाले ते २००१ मध्ये). तिसरे कारण मराठी वाचकाच्या जवळचे आहे. छापील मराठीची वाट कोलकात्याच्या शेजारून, श्रीरामपूरहून निघाली. म्हणून आधी थोडे मागे जाऊ.

खिळे, कळा आणि तडजोडी

१७७८ मध्ये हुगळी येथे नॅथॅनियल हॅल्हेड यांचे बंगाली भाषेचे व्याकरण छापले गेले. त्यासाठी बंगाली खिळे घडवले चार्ल्स विल्किन्स यांनी, आणि त्यांच्या हाताखाली पंचानन कर्मकार हे बंगाली कारागीर तयार झाले. पुढे पंचानन श्रीरामपूरच्या मिशन छापखान्यात गेले. तिथूनच १८०५ मध्ये विल्यम कॅरी यांचे मराठी व्याकरण निघाले. त्यातली मराठी देवनागरीत छापलेली होती. मराठी मुलखातला रोजचा कारभार तेव्हा मोडीत चाले, हे कॅरींना ठाऊक होते. नंतर छापखान्याने मोडीचेही खिळे पाडले आणि १८१० चा मराठी-इंग्रजी कोश मोडीत छापला. छापखान्यात कोणते खिळे आहेत यावर पुस्तकाची लिपी ठरते, हे मराठीने पाहिलेले बहुधा पहिले उदाहरण. याच मोडीला युनिकोडमध्ये जागा मिळाली ती २०१४ मध्ये, सातव्या आवृत्तीत. म्हणजे खिळ्यांपासून संगणकीय क्रमांकांपर्यंत यायला दोनशे वर्षे गेली.

दुसरा टप्पा यंत्राच्या कळांचा. लायनोटाइप यंत्राच्या कळफलकावर ९० कळा असत. इंग्रजीचे लहान-मोठे वर्ण, अंक आणि विरामचिन्हे त्यात सुखाने बसत. बंगाली किंवा देवनागरीची जोडाक्षरे, वर-खाली लागणाऱ्या मात्रा आणि अर्धी रूपे धरली की खिळ्यांची संख्या शेकड्यांत जाते. कलकत्त्याच्या आनंदबाजार पत्रिकेचे सुरेशचंद्र मजुमदार यांनी १९३५ मध्ये बंगाली लायनोटाइप वापरात आणला. त्यासाठी लिपीची रूपे कमी करावी लागली आणि त्या कामी लेखक राजशेखर बसू यांनी मदत केली. लिपी यंत्राच्या मापाने कापली, असे कोणी म्हटले तर ते खोटे ठरणार नाही. पण त्या कापणीशिवाय दैनिक वेळेवर निघाले नसते, हेही खरे. आपल्याकडे लोकमान्य टिळकांनी देवनागरी खिळ्यांची संख्या घटवण्यासाठी केलेला खटाटोप याच जातीचा.

तिसरा टप्पा विद्यार्थ्यांनी विशेष लक्षात ठेवावा, कारण पुढे वेबवर ज्याची उणीव भासली ते सूत्र इथे सापडते. १९७८ ते १९८२ या काळात ब्रिटनमधील लायनोटाइप कंपनीत टिम हॉलोवे व फिओना रॉस यांनी आनंदबाजार समूहासाठी फोटोटाइपसेटिंगचे नवे बंगाली अक्षर घडवले. या पद्धतीत जुळाऱ्याने उच्चाराच्या क्रमाने कळा दाबायच्या आणि कोणते जोडाक्षर घ्यायचे ते यंत्राने ठरवायचे. म्हणजे साठवलेला वर्ण वेगळा आणि पडद्यावर किंवा कागदावर दिसणारा आकार वेगळा. मग कळा कमी असल्या तरी आकार हवे तितके ठेवता येतात. त्याच दशकात भारतात आयआयटी कानपूर आणि नंतर पुण्याची सी-डॅक यांनी जिस्ट तंत्रज्ञानातून हेच तत्त्व भारतीय लिप्यांसाठी राबवले. १९९१ मध्ये इस्की हे मानक आले. त्यात ‘क’चा क्रमांक बंगालीत आणि देवनागरीत एकच होता. लिपी बदलली की आकार बदले, साठवण तशीच राही.

इतके सगळे हाताशी असताना पाचच वर्षांनी वेबवर आपण पुन्हा १९३५ सालच्या जागी जाऊन उभे राहिलो. कसे, ते पाहण्याआधी त्या दोन साधनांची ओळख करून घेऊ.

दोघांची स्पर्धा

टिम बर्नर्स-ली यांनी १९९० मध्ये लिहिलेला पहिला ब्राउझर पान दाखवतही असे आणि त्यात पान लिहिताही येई. १९९३ च्या मोझेइकने वाचणे सर्वांपर्यंत नेले, लिहिणे मात्र मागे राहिले. पान करायचे तर साध्या नोटपॅडमध्ये खुणा टाइप कराव्या लागत. ही पोकळी भरायला १९९५-९६ पासून साधनांची रीघ लागली : अडोबीचे पेजमिल, नेटस्केपचे नॅव्हिगेटर गोल्ड आणि पुढे कंपोझर, नेटऑब्जेक्ट्सचे फ्यूजन, जर्मनीत जन्मलेले गोलाइव्ह. आपल्याकडच्या वर्गांत मात्र दोनच नावे रुजली.

फ्रंटपेज मुळात अमेरिकेतल्या व्हर्मीर टेक्नॉलॉजीज या छोट्या कंपनीचे. ते १९९५ मध्ये बाजारात आले आणि जानेवारी १९९६ मध्ये मायक्रोसॉफ्टने ती कंपनीच विकत घेतली. पुढे ते ऑफिस २००० च्या प्रीमियम संचात समाविष्ट झाले. ज्याला वर्ड येते त्याला फ्रंटपेज येते, ही त्याची जाहिरात आणि बऱ्याच अंशी वस्तुस्थितीही. ठळक करण्याचे बटण तेच, तक्ता घालण्याची पद्धत तीच. त्यातले तयार भाग, म्हणजे भेट देणाऱ्यांची संख्या मोजणारा काउंटर, अभिप्रायाचा फॉर्म, शोधाची चौकट, हे मात्र सर्व्हरवर फ्रंटपेजची स्वतंत्र जोडणी असेल तरच चालत. विद्यार्थी घरी पान करी, काउंटर छान दिसे. एफटीपीने पान चढवले की काउंटरच्या जागी फुटक्या चित्राची चौकट. आपले काय चुकले, हे त्याला बरेच दिवस कळत नसे.

ड्रीमवीव्हर मॅक्रोमीडियाने डिसेंबर १९९७ मध्ये मॅकिंटॉशसाठी आणि १९९८ मध्ये विंडोजसाठी आणले. त्याचा मोठा दावा असा, की हाताने लिहिलेल्या एचटीएमएलला ते हात लावत नाही. तुम्ही खुणा लिहा, मग चित्ररूपात बदल करा, परत खुणांकडे या, तुमची मांडणी जशीच्या तशी. फ्रंटपेज याबाबत बदनाम होते. ते फाइल उघडताच आपल्या सोयीने ओळी फिरवी, आपल्या खुणा घुसडी. ज्यांनी कोड वाचायला शिकून घेतले त्यांचा ओढा म्हणून ड्रीमवीव्हरकडे, आणि ज्यांना आठवडाभरात दुकानाचे किंवा शाळेचे पान उभे करायचे होते त्यांचा फ्रंटपेजकडे. ही तुलना प्रामाणिक होती. दोन्ही साधने ज्या बाबतीत वेगळी होती त्या बाबी तिने नेमक्या टिपल्या. ज्या बाबतीत दोन्ही सारखी होती ती बाब तिने टिपली नाही, आणि आपला प्रश्न तिथेच होता.

न दिसणारी ओळ

फ्रंटपेजने तयार केलेले त्या काळातले पान नोटपॅडमध्ये उघडले, तर डोक्याशी एक ओळ सापडते. पानातील मजकूर कोणत्या वर्णसंचात आहे ते ब्राउझरला सांगणारी. तिथे लिहिलेले असे : विंडोज-१२५२. ड्रीमवीव्हरच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत त्याच जागी आयएसओ-८८५९-१. दोन्ही पश्चिम युरोपीय भाषांचे संच. दोन्हींत २५६ घरे, त्यांत इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश बसतात. बंगालीचे किंवा मराठीचे एकही अक्षर नाही. कोणी मुद्दाम निवडलेली ही ओळ नव्हती. नवे पान उघडले की ती आपोआप येई आणि चित्ररूपात कधी दिसत नसे.

मग बंगाली-मराठी पाने निघत कशी होती? तीन मार्ग होते.

पहिला मार्ग म्हणजे मजकुराचे चित्र. पेजमेकर किंवा कोरलड्रॉमध्ये मजकूर जुळवायचा, त्याचे जिफ चित्र करायचे आणि पानावर चिकटवायचे. अक्षर सुंदर आणि सर्वत्र सारखे दिसे. पण हिशेब करून पाहा. मजकुराच्या एका पानाचे चित्र ६० किलोबाइट धरले, तर सेकंदाला २८.८ किलोबिट वेगाच्या मोडेमवर ते यायला जवळपास १७ सेकंद लागतात आणि ९.६ च्या मोडेमवर ५० सेकंद. तोच मजकूर अक्षरे म्हणून ३ किलोबाइटचा असेल तर २८.८ वर एका सेकंदात येतो. टेलिफोनचे मीटर पडत असताना कोलकात्यातल्या वाचकाला हा फरक खिशातून मोजावा लागे.

दुसरा मार्ग सर्वांत जास्त चालला. बंगाली किंवा देवनागरी आकार इंग्रजी अक्षरांच्या घरांत बसवलेले फाँट वापरायचे. श्रीलिपी, आकृती, शिवाजी, सी-डॅकचे योगेश अशी नावे मराठी डीटीपीवाल्यांना तोंडपाठ होती. बंगालीचे असेच स्वतंत्र संच होते. फाइलमध्ये साठवले जाई इंग्रजी अक्षर किंवा युरोपीय चिन्ह. फाँटमुळे ते डोळ्यांना ‘क’ किंवा ‘ष्ट’ दिसे. एका संचातला ‘क’ दुसऱ्या संचात ‘म’ असू शके. इथे १९३५ ची पुनरावृत्ती पुरी झाली : ९० कळांच्या जागी २५६ घरे आणि त्यात लिपी कशीबशी कोंबलेली. खरे तर २५६ ही पूर्ण नव्हती, कारण १२८ ते १५९ क्रमांकांच्या घरांत विंडोज एक चिन्ह ठेवी आणि मॅकिंटॉश दुसरेच. विंडोजवर जुळवलेले जोडाक्षर मॅकवर जाताना गळे. ड्रीमवीव्हर तर अशा युरोपीय चिन्हांना त्यांच्या नावांनी लिही. त्यामुळे कोड पाहिला, की मराठी वाक्याच्या जागी ‘ई अक्यूट’, ‘ए ग्रेव्ह’ अशी फ्रेंच अक्षरांची नावे रांगेने उभी. स्वच्छ कोडचा तक्त्यातला गुण मराठी पानाच्या वाट्याला हा असा आला.

या मार्गाचा मोठा तोटा डोळ्यांना दिसत नसे. शोधयंत्राला फाँट दिसत नाही, फक्त साठवलेली चिन्हे दिसतात. ‘पंढरपूर’ हा शब्द शोधणाऱ्याला पंढरपुरावरचे ते पान कधीच सापडत नसे, कारण यंत्राच्या लेखी त्यात तो शब्द नव्हताच. ‘जे दिसते तेच मिळते’ असे या साधनांचे ब्रीद होते. दिसायचे ते पान करणाऱ्याला, त्याच्याच संगणकावर. वाचकाने फाँट उतरवून घेतला नसेल तर त्याला मिळत असे ते काहीतरी तिसरेच.

तिसरा मार्ग या तोट्याच्या अर्ध्या भागावर उपाय होता. पानाबरोबर फाँटही पाठवायचा. मायक्रोसॉफ्टने इंटरनेट एक्स्प्लोररसाठी एक पद्धत काढली आणि तिच्या फाइली करायला ‘वेफ्ट’ नावाचे साधन फुकट दिले. नेटस्केपने बिटस्ट्रीम कंपनीची वेगळी पद्धत घेतली. एकाचा फाँट दुसऱ्यात चालत नसे. भारतीय भाषांतल्या संकेतस्थळांनी काही काळ दोन्ही ठेवले. २००० मध्ये नेटस्केप ६ आले आणि त्यातून ती सोय काढलेली होती. उरला एक्स्प्लोरर. ‘हे संकेतस्थळ इंटरनेट एक्स्प्लोररमध्येच पाहावे’ अशी तळटीप आपल्याकडच्या दैनिकांच्या पानांवर दिसे, तिचे एक कारण हे. शोधाचा प्रश्न मात्र तसाच राहिला.

एक आडबाजूचा मार्गही होता, फ्लॅशचा. त्यात फाँटचे आकार फाइलमध्येच जात असल्याने बंगाली शीर्षक कुठल्याही संगणकावर नाचत येई. त्या काळच्या पानांवर शीर्षके इतकी का नाचत, याचे निम्मे उत्तर डिझायनरच्या हौसेत आणि निम्मे इथे आहे. ३१ डिसेंबर २०२० नंतर फ्लॅशला अडोबीचा आधार संपला आणि ती शीर्षकेही गेली.

युनिकोड आले, पण एकदम नाही

१९९१ च्या युनिकोडच्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरी व बंगाली दोन्ही होत्या, आणि त्यांची मांडणी इस्कीच्या धर्तीवरच होती. क्रमांक मिळाला म्हणजे अक्षर दिसू लागले, असे मात्र नसते. जोडाक्षर घडवण्याचे काम संगणकाच्या मूळ प्रणालीला करावे लागते. विंडोजमध्ये देवनागरीची ही सोय विंडोज २००० पासून, मंगल फाँटसह आली. बंगालीची सोय वृंदा फाँटसह आली ती २००४ मध्ये, विंडोज एक्सपीच्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकमध्ये. चार वर्षांचा हा फरक कोणत्याही वेबसाधनाच्या तुलनेत सापडणार नाही. पण पुण्यातल्या आणि कोलकात्यातल्या पान करणाऱ्यांमध्ये त्या काळात खरा फरक पाडणारी गोष्ट तीच होती.

मराठी विकिपीडिया १ मे २००३ ला सुरू झाला, बंगाली २७ जानेवारी २००४ ला. म्हणजे बंगाली विकिपीडिया सुरू झाला तेव्हा दुसरा सर्व्हिस पॅक यायचा होता. उत्साही मंडळी तोवर विंडोजमधली यूएसपी-१० ही फाइल हाताने बदलून नवी घालत, तेव्हा कुठे जोडाक्षरे जुळत. लिनक्सच्या बाजूला मुक्त फाँट हळूहळू तयार होत होते. रेड हॅटने २००४ मध्ये लोहित मालिका खुली केली, तिच्यात देवनागरी आणि बंगाली दोन्ही होत्या.

लिपीच्या बारकाव्यांना आणखी वेळ लागला. ‘हठात्’, ‘उत्सव’ अशा शब्दांत बंगालीत जो खंड-त लिहितात, त्याला स्वतंत्र क्रमांक मिळाला तो २००५ मध्ये, युनिकोड ४.१ मध्ये. त्याआधी त, हसंत आणि एक अदृश्य जोडचिन्ह मिळून तो घडवावा लागे, आणि ते जोडचिन्ह वाटेत गळले की शब्द बिघडे. मराठीचा ‘ॲ’ २००८ मध्ये, ५.१ आवृत्तीत आला. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांत अर्थाचा केवढा फरक आहे हे मराठी माणसाला सांगायला नको. पहिला नमस्कार करायचा, दुसरा स्वयंपाक सांगायचा. या दुसऱ्या शब्दातला र लिहिण्यासाठी युनिकोडमध्ये नुक्ता दिलेला वेगळा र आहे, हे पुष्कळ कळफलकांना उशिरा समजले.

रकाना भरणारी साधने

या काळात फ्रंटपेज-ड्रीमवीव्हर स्पर्धेचे काय झाले ते थोडक्यात सांगता येते. अडोबीने डिसेंबर २००५ मध्ये मॅक्रोमीडिया ताब्यात घेतली, त्यामुळे ड्रीमवीव्हर अडोबीचे झाले आणि गोलाइव्ह मागे पडले. फ्रंटपेजची २००३ ही शेवटची आवृत्ती. २००६ अखेर मायक्रोसॉफ्टने ते थांबवले. तक्त्यातली डावी बाजू पुसली गेली, तरी काही वर्गांत तो प्रश्न पुढेही चालू होता असे जुन्या टिपणांवरून दिसते.

बंगाली-मराठी लेखकांच्या हाती खऱ्या अर्थाने आलेली साधने दुसरीच होती : मीडियाविकी, वर्डप्रेस, जूमला, ड्रुपल. यांत पान फाइलमध्ये नसते. मजकूर डेटाबेसमध्ये राहतो, लिहिणारा ब्राउझरच्या चौकटीतच टाइप करतो आणि साचा वेगळा असतो. साठवण वेगळी, आकार वेगळा, हे ऐंशीच्या दशकातले सूत्र वेबवर या वाटेने परतले. लिहिणाऱ्याला वर्णसंचाची ओळ पाहावी लागत नाही, कारण ती एकदाच, सर्वांसाठी, यूटीएफ-८ अशी लिहिलेली असते.

इथेही सगळे सुरळीत नव्हते. २००३ मध्ये सुरू झालेल्या वर्डप्रेसची पाने यूटीएफ-८ मध्ये असत, पण मायएसक्यूएल डेटाबेस पुष्कळदा युरोपीय संचावर बसवलेला असे. दोघांची गाठ पडत नसे तोवर काही बिघडत नसे, कारण डेटाबेस आलेले बाइट न वाचता तसेच परत करी. २००७ च्या २.२ आवृत्तीपासून वर्डप्रेसने डेटाबेसचा संच स्पष्टपणे नोंदवायला सुरुवात केली. त्यानंतर सर्व्हर बदलताना जुनी अनुदिनी नेली, की मराठीच्या जागी प्रश्नचिन्हांच्या ओळी उमटल्याच्या तक्रारी पुष्कळ झाल्या. जूमलाने यूटीएफ-८ पूर्णपणे स्वीकारले ते जानेवारी २००८ च्या १.५ आवृत्तीत. त्याआधी जूमलावर उभी केलेली भारतीय भाषांतली संकेतस्थळे पुढच्या आवृत्तीत नेणे हे वेगळेच काम होते. या तीन-चार साधनांची तुलना इंग्रजी मासिकांत साचे, गती, सुरक्षितता यांवर होई. आपल्याकडे ती ‘कोणत्या आवृत्तीपासून यूटीएफ-८’ या एका प्रश्नावर झाली असती तरी पुरे होते. २००९ मध्ये केंद्र सरकारने ई-प्रशासनासाठी युनिकोड हे मानक ठरवले, तेव्हा सरकारी कार्यालयांपुरती ही चर्चा संपली. कागदावर तरी.

पानाबरोबर फाँट पाठवण्याची जुनी कल्पनाही पुन्हा आली, या वेळी एकाच समाईक पद्धतीने. २०१० मध्ये गूगल फाँट्स सुरू झाले, २०१२ मध्ये वॉफ ही पद्धत वेबचे मानक झाली. आज अहमदाबादच्या इंडियन टाइप फाउंड्रीचा बंगाली फाँट ‘हिंद सिलिगुडी’ या नावाने आणि मुंबईच्या एक टाइपचा ‘बलू दा’ या नावाने कोणालाही फुकट वापरता येतो. अक्षर कोलकात्याचे, घडवणारे हात आपल्या बाजूचे. श्रीरामपूरच्या उलट दिशेचा हा प्रवास नोंदवण्यासारखा आहे.

‘विचित्रा’ आणि ‘प्रभेद’

कोलकात्यातले एक काम या इतिहासात वेगळे बसते. जादवपूर विद्यापीठाच्या सांस्कृतिक संहिता व अभिलेख विभागाने प्रा. सुकांत चौधुरी यांच्या मार्गदर्शनाखाली रवींद्रनाथ ठाकुरांच्या साहित्याचा ‘विचित्रा’ हा ऑनलाइन पाठसंग्रह उभा केला. तो २०१३ मध्ये खुला झाला. ४७,५२० हस्तलिखित पाने आणि पुस्तके-नियतकालिकांतली ९१,६३७ छापील पाने. प्रतिमांच्या जोडीला मजकूरही अक्षरांत उतरवलेला. रवींद्रनाथ एकच कविता वा नाटक पुन्हा पुन्हा बदलत, म्हणून पाठांची तुलना हा या कामाचा गाभा. तुलना करणारी प्रणाली गटाने स्वतः तयार केली आणि तिला नाव दिले ‘प्रभेद’. ती तीन पातळ्यांवर फरक दाखवते : आधी प्रकरण किंवा अंकासारखे मोठे भाग, मग परिच्छेद वा कडवे, मग शब्द.

आपल्या विषयाच्या दृष्टीने इथे महत्त्वाचे काय ते पाहा. यंत्राने दोन पाठांची तुलना करायची, तर दोन्ही पाठांत एकच अक्षर एकाच क्रमांकाने साठवलेले असावे लागते. डोळ्यांना सारखे दिसणे यंत्राला पुरत नाही. चित्ररूप पानांवर किंवा फाँटच्या घरांवर ‘प्रभेद’ चाललीच नसती. खंड-त दोन रीतींनी टाइप झाला असता तर शब्दात फरक नसताना यंत्राने फरक दाखवला असता. गाळलेला रकाना किती मोलाचा होता ते अशा कामात कळते.

जुन्या पानांचे काय करायचे

१९९६ ते २००८ या काळातली बंगाली-मराठी पाने आज मुख्यतः इंटरनेट अर्काइव्हमध्ये भेटतात. उघडली तर युरोपीय चिन्हांचा चिखल दिसतो. ज्यांना या काळाचा इतिहास लिहायचा आहे त्यांच्यासाठी ही अस्सल साधनसामग्री आहे, म्हणून ती वाचण्याची रीत थोडक्यात देतो.

प्रथम पानाचा मूळ कोड उघडा आणि फाँटचे नाव शोधा. फ्रंटपेजने केलेल्या पानात ते प्रत्येक परिच्छेदाशी, कधी प्रत्येक शब्दाशी लिहिलेले सापडते. एरवी ज्या पुनरुक्तीबद्दल त्याला नावे ठेवली गेली, ती इथे उपकारक ठरते. नाव मिळाले की त्या फाँटचा तक्ता मिळवा, म्हणजे कोणत्या घरात कोणता आकार. घरे बदलून टाकली की निम्मे काम होते, उरलेले निम्मे क्रमाचे. फाँटच्या साठवणीत ऱ्हस्व इकार दिसतो तिथे, म्हणजे व्यंजनाच्या आधी असतो. युनिकोडमध्ये तो उच्चाराप्रमाणे व्यंजनानंतर येतो. रफार याच्या उलट : फाँटमध्ये अक्षरानंतर, युनिकोडमध्ये आधी. ‘कीर्ती’ आणि ‘मूर्ति’ हे दोन शब्द तपासले की बदलणारी प्रणाली धड आहे की नाही ते लगेच कळते. बंगालीत आणखी एक गाठ आहे. तिथला एकार व्यंजनाच्या डावीकडे बसतो आणि ओकार तर दोन तुकड्यांत, एक डावीकडे व एक उजवीकडे. हे दोन तुकडे फाँटमध्ये वेगवेगळ्या घरांत असतात. ते ओळखून एक करावे लागतात, नाहीतर प्रत्येक ओकाराचा एकार आणि एक सुटा काना होतो.

ड्रीमवीव्हरमध्ये केलेल्या नंतरच्या पानांत फाँटचे नाव पुष्कळदा शैलीच्या वेगळ्या फाइलीत ठेवलेले असते. कोड नीटनेटका राहावा म्हणून. अर्काइव्हने ती फाइल जपली असेल तर ठीक. नसेल, तर मजकुरातल्या वारंवार येणाऱ्या चिन्हांवरून ‘आहे’, ‘आणि’ असे शब्द ताडत फाँट ओळखावा लागतो, आणि पान चार ओळींचे असेल तर तेही जमत नाही.